मिरजेतली तंबोरा दुरुस्ती आणि बिलातली एक ओळ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा दुरुस्तीला टाकला होता. तो घरी आला, उकाडा आणि पाऊस दोन्ही सोसून सुरात राहिला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते: काम अव्वल, पैसे वाजवी, तारखेच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. पाचपैकी चार तारे. तंबोऱ्याचंही तेवढ्यांवर भागतं.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी पुढचं. मी निवृत्त प्राध्यापिका, विषय तत्त्वज्ञान. अनेक भाग मिळून जी एक वस्तू होते ती त्या भागांपेक्षा काही निराळी असते का, हा पाठ मी वर्षानुवर्षं फळ्यावर रथ काढून शिकवला. मुलं वहीत रथ काढून घेत आणि परीक्षेत 'पूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा मोठे असते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो' असं ठोकून देत. ॲरिस्टॉटल असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की काही गोष्टी नुसत्या ढिगासारख्या नसतात, त्यांच्यात भागांखेरीज आणखी काहीतरी असतं. उदाहरण अक्षराचं देतो: व्यंजन आणि स्वर सुटे केले तरी ते दोघे जागेवर असतात, पण त्यांचं मिळून झालेलं अक्षर मात्र गेलेलं असतं. 'मोठं' कुठे आणि 'आणखी काहीतरी' कुठे! त्या 'आणखी काहीतरी'चा दर काय, हे मला मिरजेच्या बिलात लिहून मिळालं.

आता वस्तूविषयी. तंबोरा आमच्या गाण्याच्या बाईंचा, त्यांच्यामागे माझ्याकडे आला. मूळचा मिरजेचाच. बायकी, काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावायचा, भोपळ्याचा घेर 48 इंच, तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी), आणि तारा जिच्यावर टेकतात ती शिसवी घोडी. गाव बदलताना तो एका वाहतूक कंपनीच्या हवाली केला. खोक्यावर चारही बाजूंनी 'नाजूक वस्तू' लिहिलं होतं. भोपळा गळ्यापासून बुडापर्यंत उभा तडकून आला, एक खुंटी मोडून आली, आणि काउंटरवरच्या मुलाने वर ऐकवलं की 'आत भाजीचा भोपळा आहे असं आम्हाला वाटलं नाही, मॅडम.' भरपाईचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर असेल. त्यांचा विषय इथेच संपवते.

गावातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याने सल्ला दिला की आतून फायबर लावू, वरून लांबी भरू, रंग मारला की कळणारसुद्धा नाही. कळणार नाही हे खरंच. डोळ्यांना.

मिरजेलाच का, असं विचाराल. या गावात तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. सुरुवात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सांगतात. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणारं. हत्यारं थंडावली तेव्हा तेच हात तारांकडे वळले. मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावाने गाणं अजून होतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे मात्र मिरजेत पिकत नाहीत. ते पंढरपूरकडचे, खाण्याच्या कामाचे नाहीत असे कडू. दुकानांच्या माळ्यावर ते वाळत टांगलेले असतात आणि गल्लीत शिरताना पहिल्यांदा तेच दिसतात.

दुकानाचं नाव टाकत नाही. मी एकाच कारागिराकडे गेले, शेजारच्यांशी तुलना केली नाही, आणि खाली तारखेबद्दल थोडी तक्रारही आहे. गल्ली लहान आहे, तुम्ही विचारत जाल.

कारागीर साठीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागले. मी खोकं उघडून तडा दाखवायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "बाई, ते दिसतंयच की. भोपळा गेला तर गेला, भोपळे मिळतात. बाकीचं किती जिवंत हाय ते बघू द्या." मग तंबोरा मांडीवर आडवा घेऊन त्यांनी दांडीवर बोटाच्या पेराने टकटक करत वरपासून खालपर्यंत प्रवास केला. तबलीला कान लावला. एका ठिकाणी थांबून पुन्हा मागे गेले, पुन्हा टकटक. खोलून काही पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, गळ्याचा सांधा आतून सुटलाय, तबली शाबूत आहे, दांडीला काही झालेलं नाही, आणि जवारी (घोडीच्या माथ्याचा उतार, पुढे सांगते) तर या अपघाताच्या आधीच उतरलेली होती, "तुम्ही कधीपासून तशीच वाजवताय."

हे शेवटचं खरं होतं. गेली काही वर्षं तंबोरा कोरडा बोलत होता आणि आम्ही तारा बदलत होतो. इथे माझ्या विषयातला एक माणूस आठवल्याशिवाय राहिला नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिअर ड्युएम याने 1906 साली लिहून ठेवलंय की प्रयोग फसला तर दोष कुठल्या एका गृहीतकाचा, हे तो प्रयोग सांगू शकत नाही. फसतो तो सगळा संच. घड्याळजी घड्याळाचे भाग सुटे करून एकेक तपासू शकतो, वैद्याला मात्र अख्ख्या शरीराकडे बघूनच दुखणं ओळखावं लागतं, आणि भौतिकशास्त्रज्ञाचं काम वैद्याच्या जवळचं आहे, असं तो म्हणतो. पुढे 1951 साली अमेरिकेचा तत्त्वज्ञ क्वाइन याने हेच ज्ञानाच्या सगळ्या डोलाऱ्याला लावलं: अनुभवाच्या दरबारात आपली विधानं एकेकटी उभी राहत नाहीत, घोळक्याने राहतात. समग्रतावादाचा, म्हणजे सुट्या भागाआधी पूर्णाकडे बघण्याचा, हा प्रकार विद्यार्थ्यांना सगळ्यांत अवघड जाई. तंबोरा हाताशी असता तर गेला नसता. आवाज कोरडा आहे. दोष तारेचा, दोऱ्याचा, घोडीचा, खुंटी सरकते म्हणून, की हवा दमट म्हणून? एकट्या तारेला विचारून उत्तर मिळत नाही, कारण एकटी तार कोरडीही नसते आणि ओलीही. चाचांनी घोळक्याला एकत्र विचारलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा तंबोरा सुटा केलेला होता. दांडी भिंतीला टेकलेली, तबली गोणपाटावर, खुंट्या आणि सूर बारीक लावायचे मणी स्टीलच्या वाटीत, घोडी फडक्यात, फुटका भोपळा दाराशी. मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची विद्यार्थिनी. 1950 साली सुरू झालेल्या या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंद राजाचं नाव दिलं आणि आवाराला नागसेनवन म्हटलं. त्यामुळे हे दृश्य पाहून काय आठवलं असेल ते सांगायला नको. ग्रीक राजा मिनँडर, आपला मिलिंद, भिक्खू नागसेनांना भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतात, महाराज, आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. मग हे सगळं एकत्र ठेवलं तर? तेही नाही. यांच्याखेरीज दुसरं काही? तेही नाही. म्हणजे रथ नावाचं काही नाहीच, तुम्ही खोटं बोललात की रथातून आलो! राजाला कबूल करावं लागतं की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे व्यवहारापुरतं नाव चालतं. माणसाचंही तसंच, असं नागसेनांचं म्हणणं.

वाटीतल्या खुंट्यांकडे पाहताना हे पटतं. तबली तंबोरा नाही, दांडी तंबोरा नाही. पण 'सगळं एकत्र ठेवलं तर' यातलं 'ठेवणं' नागसेनांनी फार सहज घेतलं, असं मला नेहमी वाटत आलंय. चाचांच्या गोणपाटावर सगळं एकत्रच ठेवलेलं होतं की.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, इथे उभे राहतात. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमांचं म्हणणं असं की अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे त्या भागांची मिळून झालेली अख्खी वस्तू, आहेच, आणि पुरावा म्हणून ते अगदी हमालाला कळेल अशी गोष्ट सांगतात: धारण आणि आकर्षण. एक टोक धरून उचललं की अख्खी वस्तू उचलली जाते. एक भाग ओढला की सगळी वस्तू ओढली जाते. दांडी धरून चाचांनी जोडलेला तंबोरा उचलला तेव्हा भोपळा निमूटपणे मागून आला. आदल्या खेपेला दांडी उचलली असती तर भोपळा दाराशीच राहिला असता. प्रतिपक्षी म्हणतो, अहो लांबून सेना किंवा वन एक दिसतं तसं हे, एकपणा नुसता भास. त्यावर सूत्रकार म्हणतात, सैनिक आणि झाडं जवळ गेलं की सुटी दिसतात, परमाणू कधीच दिसत नाहीत. मग एकत्र आले तरी दिसावेत कसे? डोळ्यांना काही दिसतंय त्याअर्थी अवयवी आहे.

बौद्धांनी त्यांना सोडलं नाही. अवयवी ही खरोखर वेगळी वस्तू असेल तर तराजूचं पारडं जास्त खाली जायला हवं: भागांचं वजन, अधिक अवयवीचं. शिवाय एक भाग हलतो आणि दुसरा स्थिर असतो तेव्हा अवयवी हलतोय की थांबलाय? तंबोऱ्याच्या तारा थरथरतायत आणि खुंट्या गप्प आहेत, तर तंबोरा काय करतोय? न्यायवाल्यांनी याला उत्तरं दिली. रंगीबेरंगी कापडाचा रंग कोणता या प्रश्नाला तर त्यांनी 'चित्र' नावाचा स्वतंत्र रंगच मानला. हुशारी आहे, पण मला ती पळवाट वाटते. वजनाचा आक्षेप मला अजून सुटलेला नाही. पार्सलच्या काट्यावर तंबोरा जोडल्यावर जड झालेला दिसला नसता, हे मान्य करायला नैयायिकाचीही हरकत नसावी.

म्हणजे एकीकडे 'जास्तीचं काहीच नाही' आणि दुसरीकडे 'जास्तीची एक वस्तू आहे'. माझं मत दोघांच्याही बाजूने नाही, आणि ते जवारीमुळे पक्कं झालं.

जवारी म्हणजे काय ते गाणाऱ्यांना माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात. तंबोऱ्याची घोडी सारंगी-व्हायोलिनसारखी धारदार नसते, रुंद असते, आणि तिचा माथा किंचित उतरता, पाठीसारखा वळलेला असतो. तार त्या माथ्यावर टेकते, आणि थरथरताना त्याला घासून जाते. तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज 'उघडतो'. घोडीच्या माथ्याला नेमका तो उतार देणं म्हणजे जवारी काढणं. हे काम चाचांनी स्वतः केलं, पोराला दिलं नाही. कानशीचा एक हलका हात, फुंकर, तारा चढवणं, छेडणं, ऐकणं, तारा बाजूला सारणं, पुन्हा कानस. मध्ये मी विचारलं, झाली का? म्हणाले, "खर्ज बोलतोय. जोड गप हाय." (खर्ज म्हणजे सगळ्यांत खालच्या षड्जाची तार, जोड म्हणजे मधल्या दोन, एकाच सुरातल्या.) पुन्हा कानस. कानशीखालून जे पडत होतं ते चिमटीत मावणार नाही इतकं कमी, काळसर पीठ. नखाला लागलं तर दिसावं एवढंच.

आणि मग पुढच्या छेडीला तंबोरा असा उघडला की समोरच्या दुकानातला पोरगा दारात आला.

आता बघा. घोडीत काही घातलं नाही, उलट काढलं. तारा त्याच, दोरा तोच, नवा भाग शून्य. पारड्यात घातलं असतं तर तंबोरा रतीभर हलकाच भरला असता. बौद्धांचा आक्षेप इथे लागू होत नाही, कारण जास्तीची वस्तू कुणी मागतच नाहीये. आणि 'नुसतं नाव' म्हणावं तर तेही जमत नाही. अर्ध्या तासापूर्वी हीच नावाची वस्तू कोरडी होती. बदललं ते तार आणि घोडी यांचं एकमेकांशी टेकणं. ते तारेत नाही, घोडीत नाही.

सी. व्ही. रामन यांनी यावर काम केलंय हे फार जणांना ठाऊक नसतं. तारांचा एक जुना नियम यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावावर आहे: तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुराचा) स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटत नाही. 1921 साली रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा या नियमाला जुमानत नाहीत. जो उपस्वर गैरहजर असायला हवा तो ठणठणीत ऐकू येतो, आणि कारण ही वळणदार घोडी. एकट्या तारेचं गणित मांडून तंबोरा सापडत नाही, याला यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

पण इथे गायकांच्या एका लाडक्या गोष्टीला धक्का लावते, रागावू नका. 'तंबोऱ्यात गंधाराची तार नसते तरी गंधार ऐकू येतो, बघा, पूर्ण हे भागांपेक्षा मोठं!' हे मी संगीत सभांच्या निवेदनांत इतक्यांदा ऐकलंय की पुरे. स्वयंभू गंधार ऐकू येतो हे खरं. पण तो आकाशातून येत नाही, खर्जाच्या तारेतूनच येतो. काळी चारला खर्ज सेकंदाला 104 कंपनांच्या आसपास. त्याचा पाचवा उपस्वर 520. वरचा षड्ज 416. 520 भागिले 416 म्हणजे पाचास चार, शुद्ध गंधार. म्हणजे तो एका भागात आधीपासून होता. जवारीने तो बाहेर आणला, निर्माण केला नाही. पूर्णाच्या थोरवीचं उदाहरण म्हणून गंधार कच्चा आहे. पक्कं उदाहरण हवं असेल तर घरी करून बघा: कागदाचा नखाएवढा तुकडा मधोमध दुमडून जोडाच्या एका तारेवर खोगिरासारखा बसवा आणि दुसरी जोडाची तार छेडा. तारा थोड्या जरी विसंवादी असतील तर कागद ढिम्म. मणी सरकवत सरकवत दोन्ही एक झाल्या की न छेडलेल्या तारेवरचा कागद थरथरतो, कलतो आणि उडून पडतो. माझी नात हे तासभर करत बसली होती. तो कागद कुठल्या तारेने उडवला? छेडलेली तार त्याला शिवलेलीसुद्धा नाही.

म्हणूनच फोनवरच्या ॲपबद्दल विचारणाऱ्यांना सांगते. ॲप वाईट नाही, रियाजाला पुरतं, प्रवासात तर मीही तेच लावते. माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये चारही तारा सुट्या ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत आणि एकापाठोपाठ वाजतात. प्रत्येक तार स्वतंत्रपणे सुंदर. पण पहिल्या जोडाने दुसरा जोड जागा होत नाही, पंचम वाजताना खर्ज हलत नाही. अगदी शब्दशः भागांची बेरीज. ज्याला बेरीज आणि पूर्ण यांतला फरक कानाने ऐकायचा असेल त्याने दोन्ही पाठोपाठ लावावेत. डोळे मिटून ओळखता येतं.

बेरजेच्या विरोधात असलेला प्रत्येक जण आपल्याला पटतो असं मात्र नाही. 'होलिझम' (समग्रतावाद) हे नाव ज्याने 1926 साली बाजारात आणलं तो यान स्मट्स दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान, सेनापती, आणि गांधीजींना तुरुंगात टाकणारा. गांधींनी तुरुंगात स्वतः केलेल्या चपला त्याला भेट दिल्या, त्याने त्या 1939 साली, गांधींच्या सत्तरीला, आदराने परत पाठवल्या, ही गोष्ट सगळ्यांना गोड वाटते. पण निसर्ग अणूपासून माणसापर्यंत नवनवी पूर्णं घडवतो असं लिहिणारा हा माणूस स्वतःच्या देशात काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळं ठेवण्याच्या बाजूचा होता. पूर्णाची भाषा करणारा पूर्णात कुणाकुणाला धरतो, हे आधी विचारावं, असं मी वर्गात सांगायचे. नागसेनवनात शिकलेल्या बाईला ते सांगावंच लागतं.

स्मट्सपेक्षा मला ऑस्ट्रियाचा फॉन एरेनफेल्स जवळचा. 1890 साली त्याने साधी गोष्ट विचारली: चाल काळी एकमध्ये गायली आणि मग काळी चारमध्ये गायली, एकही स्वर तोच राहिला नाही, मग चाल तीच कशी? मन सुटे भाग नाही, अख्खी आकृती पकडतं म्हणणाऱ्या गेस्टाल्ट मानसशास्त्राची वाट इथून फुटली. आपल्याकडे हे गाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, पण ठाऊक असणं आणि प्रश्न म्हणून विचारणं वेगळं.

आता भोपळा. नवा भोपळा बसला तेव्हा मनात आलंच, की हा बाईंचाच तंबोरा का? ग्रीक कथेतल्या थिसिअस या वीराच्या जहाजाच्या फळ्या एकेक बदलत गेल्या, तेच जहाज राहिलं का, हा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने 1655 साली त्यात पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? हे मी चाचांना जमेल तसं सांगितलं. ते हसले आणि दाराशी गेले. माझ्या जुन्या भोपळ्याचे तुकडे त्यांनी कापून ठेवले होते. जुना, मुरलेला भोपळा ठिगळाला चांगला, म्हणाले; एक तुकडा कुणाच्या तरी सतारीत लागूनही गेला होता. "तुमचा तंबोरा हाच. दांडी हाय, तबली हाय, घोडी हाय. आणि आवाज ओळखता की तुम्ही." हॉब्जचा प्रश्न यातून सुटत नाही. पण बाईंच्या मुलीला फोनवर ऐकवला तेव्हा तिने काही न विचारता 'आईचा' म्हटलं, हेही लिहून ठेवते. कानाची साक्ष किती धरायची ते तुम्ही ठरवा.

बिल वहीच्या पानावर, हाताने:

भोपळा व जोडकाम 6,500
पॉलिश 2,000
खुंटी एक 250
तारा संच 350
जवारी 900
एकूण 10,000

बिल तरी आपल्या भागांच्या बेरजेइतकंच निघालं. पण शेवटून दुसरी ओळ बघा. बाकी प्रत्येक ओळीसमोर हातात धरता येईल असं काहीतरी आहे. पॉलिशचासुद्धा वास येतो. जवारीसमोर काही नाही. ज्या कामाने तंबोरा तंबोरा झाला त्याला पॉलिशच्या निम्म्याहून कमी पैसे. मी म्हटलं, चाचा, हे उलटं आहे. म्हणाले, गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, हाताचे मागितले की घासाघीस करतं. भोपळा दाखवता येतो, जवारी काय दाखवू? मी वर काही देऊ केलं ते घेतलं नाही. आपण सगळेच दुकानात गेलो की अवयववादी होतो, आणि त्यात मार कारागीर खातो. मानांकनाच्या सोहळ्यांत ज्यांची भाषणं होतात त्यांनी या ओळीचा दर वाढवायला मदत केली तर बरं होईल.

तक्रारी. तारीख. सांगितलेली तारीख ही मिरजेत शुभेच्छा समजावी. उशिराला कारण होतं, भोपळा जोडल्यावर सांधा सुकावा लागतो आणि पावसाळी हवेत तो सुकत नाही, पण हे तारीख देतानाही माहीत होतंच की. फोन उचलत नाहीत. पोराला मेसेज केला तर उत्तर येतं. पॉलिश मला हवं होतं त्यापेक्षा चकचकीत झालंय. जुन्या पानाफुलांच्या नक्षीवरही ते इतकं चढवलंय की कोरीव रेघा बुजल्यासारख्या वाटतात. मॅट हवं असेल तर आधी स्पष्ट सांगा. गवसणी मिळत नाही, आपली न्यावी लागते. पैसे फोनवरून घेतात, पावती मात्र वहीचं पानच.

कुणी जावं? जुना चांगला तंबोरा घरात पडून असेल तर जरूर. नवशिक्याने नवा घ्यायला गेलात तर ऐकू येणाऱ्या कुणाला तरी बरोबर न्या. दुकानात दहा तंबोरे एकसारखे दिसतात आणि दहा तऱ्हांनी बोलतात. सहा महिन्यांत खर्जाची तार घोडीवर चर पाडू लागेल, तेव्हा जवारी पुन्हा बघावी लागेल. हा दोष नाही, रोज वाजवलात तर असंच होतं.

पाठवायचा असेल तर पाठवू नका, घेऊन जा. मिरज जंक्शनला उतरून रिक्षा मिळते. नेताना तारा उतरवा, पण पूर्ण सोडू नका. आणि घोडी निघालीच तर तिची तबलीवरची जागा पेन्सिलीने आखून ठेवा. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने घोडी रुमालात बांधून वेगळी आणली होती, जागेची खूण नव्हती. चाचा ती जागा बोटांनी शोधत बसले होते.